लोकल थांबते कशी, आणि थांबते का

पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर ठाण्याच्या फलाटावर एक संवाद ठरलेला असतो. "काय हो काका, आज काय झालं?" "सिग्नल गेलाय." मग तिसरा कुणीतरी वैतागून म्हणतो, "चार थेंब पडले की यांचं सगळं बंद!"

चिडणं साहजिक आहे. बदलापूरहून उभ्याने आलेल्या माणसाला समोर लेट मार्क दिसत असतो. पण सिग्नल 'जातो' म्हणजे नेमकं काय होतं, हे प्रवाशांना कुणी नीट सांगत नाही. तो विझत नाही, तो लाल होतो. काहीही बिघडलं तरी तो लालच व्हावा, हिरवा कधीच होऊ नये, यासाठी जगभरच्या रेल्वेने जवळपास दोनशे वर्षं डोकं खर्च केलं आहे. त्यातले बरेचसे धडे माणसांचे जीव गेल्यावर मिळाले आहेत. रेल्वेविषयी लिहिताना आपण वेगाचं कौतुक फार करतो. मला तिचं खरं कर्तृत्व थांबण्यात दिसतं, म्हणून हा सगळा लेख थांबण्याबद्दल आहे.

लोखंडावर लोखंड

गाडीचं चाक पोलादाचं आणि रूळही पोलादाचा. दोघं एकमेकांना टेकतात ती जागा करंगळीच्या नखाएवढी असते. बारा डब्यांच्या लोकलला ९६ चाकं असतात. म्हणजे हजारो माणसांनी भरलेली, शेकडो टनांची गाडी अशा ९६ ठिपक्यांवर पेललेली असते. रबरी टायर वजनाने चपटा होतो आणि फिरताना ऊर्जा खातो. पोलाद जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे तेवढंच वजन रस्त्यावरून ओढायला जो जोर लागतो, त्याच्या कितीतरी कमी जोरात गाडी रुळावरून चालते. दोनशे वर्षांत एवढी वाहनं आली, तरी जड ओझं लांब न्यायला रेल्वे स्वस्त पडते ती यामुळेच.

अडचणही नेमकी इथेच आहे. कोरड्या रस्त्यावर टायरला जेवढी पकड मिळते, त्याच्या साधारण एक तृतीयांश पकड कोरड्या रुळावर पोलादी चाकाला मिळते. ब्रेक कितीही दमदार असला तरी पकडीच्या पलीकडे जोर लावला की चाक फिरायचं थांबतं आणि तसंच घसरत पुढे जातं. अशा घसरण्याने चाकाचा एक भाग झिजून सपाट होतो. एखाद्या डब्याखालून वेगाबरोबर वाढणारा टकटक आवाज येत राहतो, तो बऱ्याचदा या सपाट झालेल्या चाकाचा असतो.

पावसाच्या बाबतीत एक गोष्ट पटकन खरी वाटत नाही: धो धो पावसापेक्षा भुरभुर पाऊस चाकांना जास्त त्रास देतो. मोठ्या सरीत रूळ धुऊन निघतो. थोड्याशा पाण्यात मात्र गंज, धूळ आणि तेल कालवून निसरडा थर तयार होतो. म्हणून इंजिनांवर वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरायला लागलं की नळीतून चाकापुढे वाळू सोडतात. एवढ्या प्रगतीनंतरही हा जुना उपाय सुटलेला नाही, कारण तो काम करतो.

आता हिशेब करू. ताशी १०० किलोमीटरने जाणारी मोटारगाडी कोरड्या रस्त्यावर ५० मीटरच्या आसपास थांबवता येते. त्याच वेगाच्या लोकलला चारशे ते पाचशे मीटर लागतात. भरधाव मेल-एक्स्प्रेसला किलोमीटरच्या घरात अंतर हवं. ताशी ३२० ने धावणाऱ्या हायस्पीड गाडीला सुमारे चार किलोमीटर. म्हणजे ठाणे स्टेशनात ब्रेक लावला, तर ती मुलुंड ओलांडल्यावर थांबेल.

रस्त्यावरचा ड्रायव्हर समोर दिसेल त्याप्रमाणे गाडी आवरतो. मोटरमनला ती सोय नाही. वळण असो, धुकं असो की पारसिकचा बोगदा, त्याला जेवढं दिसतं त्यापेक्षा त्याचं थांबण्याचं अंतर मोठं असतं. अडथळा दिसल्यावर ब्रेक लावला तर उशीर झालेला असतो. म्हणून पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही, हे दुसऱ्या कुणीतरी त्याला आधी सांगावं लागतं. रेल्वेचं उरलेलं सगळं तंत्र या एका गरजेतून उभं राहिलं आहे.

ब्रेक नसलेलं इंजिन आणि आर्माचा चढ

१५ सप्टेंबर १८३० रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे सुरू झाली. पाणी भरायला गाडी थांबली असताना विल्यम हस्किसन हे खासदार खाली रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या 'रॉकेट' इंजिनाखाली सापडले. रॉकेट हे त्या काळातलं सर्वांत गाजलेलं इंजिन, पण त्याला ब्रेकच नव्हता. चालकाने इंजिन उलट्या दिशेला टाकायचा प्रयत्न केला, तेवढाच त्याच्या हातात होता.

त्यानंतर २३ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी ठाण्याला निघाली. जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट यांनी ज्या रेल्वेसाठी खटपट केली, ती हीच. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचं अंतर. ठाणेकरांना हा तपशील पाठ असतो आणि असायलाच हवा. त्या दिवशी समोर किंवा मागे दुसरी गाडी असण्याची कुणाला धास्ती नव्हती, रूळ पाहुण्यांच्याच गाडीसाठी मोकळा होता. दुसरी गाडी त्याच रुळावर आली की खरा प्रश्न सुरू होतो.

सुरुवातीला इंग्लंडमध्ये त्याचं उत्तर घड्याळात शोधलं गेलं. एक गाडी गेली की काही मिनिटं मागच्या गाडीला अडवायचं, पुढची काही मिनिटं 'सावकाश जा' म्हणायचं आणि मग सोडून द्यायचं. गाडी निघाली कधी, हे घड्याळ सांगतं. ती आत्ता कुठे आहे, हे त्याला सांगता येत नाही. पुढची गाडी मध्येच बंद पडली तर मागच्या चालकाला कळायला काही मार्ग नाही.

याची किंमत आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ मोजली गेली. १२ जून १८८९ रोजी मुलांची सहल घेऊन निघालेली एक भरगच्च गाडी चढावर अडली. इंजिनाला ओझं पेलेना. तेव्हा असं ठरलं की गाडीचे दोन भाग करायचे, पुढचे डबे पुढच्या स्टेशनात ठेवून यायचं आणि मग मागचे न्यायचे. त्या गाडीला डब्याडब्यांतून जाणारा ब्रेक होता, पण नळी जोडलेली असेपर्यंतच तो चालायचा. नळी सुटली की ब्रेक गेला. मागचे डबे हाताने आवळायच्या एका ब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. इंजिन सुरू करताना पुढचा भाग किंचित मागे आला आणि मागच्या डब्यांना धडकला. तेवढ्या धक्क्याने दगड चिरडले आणि डबे उतारावरून सुटले. खालून घड्याळाच्या हिशेबाने सोडलेली दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या. रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळाकडे वळवणारे जोड, आणि सिग्नल एकमेकांना असे बांधलेले, की सांधा नीट लागल्याशिवाय सिग्नलने 'जा' म्हणूच नये. आणि नळी तुटली तर आपोआप लागेल असा ब्रेक. ही तिन्ही तंत्रं तेव्हा उपलब्ध होती, जुनी झाली होती. कंपन्या खर्चाकडे बघून टाळाटाळ करत होत्या. हे मला आजही अस्वस्थ करतं, कारण रेल्वेच्या इतिहासात शोध लागायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ तो शोध बसवायला लागलेला पुन्हा पुन्हा दिसतो.

हवा सुटली की ब्रेक लागतो

अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक आणला. पहिल्या रचनेत ब्रेक लावायचा तर इंजिनातून नळीत हवा भरायची. गाडी मध्येच तुटली की मागच्या डब्यांना हवा मिळणार नाही, म्हणजे ब्रेकही नाही. १८७२ मध्ये त्यांनी ही रचना उलटी केली आणि माझ्या मते रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा विचार आहे. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी बसवली. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या नळीत हवेचा दाब सतत ठेवायचा. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब कमी झाला की प्रत्येक डब्याची टाकी आपली हवा ब्रेकमध्ये सोडते आणि ब्रेक आवळले जातात.

स्प्रिंगचं दार आपण हाताने उघडं धरतो आणि हात काढला की ते आपलं आपण लागतं, तसंच हे आहे. गाडी चालत ठेवायला सतत काहीतरी करावं लागतं, थांबायला काही करावं लागत नाही. डबा तुटला, नळी फाटली, कुणी साखळी ओढली, तर परिणाम एकच. एक्स्प्रेस गाडीत धोक्याची साखळी ओढल्यावर डब्याची झडप उघडते आणि ब्रेकच्या नळीतली हवा बाहेर जाते. साखळी ओढणाऱ्या प्रवाशाने नकळत वेस्टिंगहाऊस यांची युक्तीच वापरलेली असते.

लांब मालगाडीत दाब कमी झाल्याची ही खबर पुढून मागे पोचायला वेळ लागतो. लोकलला एवढा वेळ परवडत नाही, तिला दर दोन-चार मिनिटांनी थांबायचं असतं. म्हणून लोकलमध्ये ब्रेकचा हुकूम विजेच्या तारेतून सगळ्या डब्यांना एकाच क्षणी जातो आणि हवा फक्त जोर पुरवते. त्यातही आजच्या लोकल वेग कमी करताना आधी मोटारींचाच उपयोग करतात. मोटर उलट जनित्र बनते, गाडीचा वेग विजेत बदलतो आणि ती वीज वरच्या तारेत परत जाते. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर आणि कुर्ल्यादरम्यान विजेची पहिली गाडी धावली, तेव्हा तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज होती. आता २५ हजार व्होल्टची एसी आहे. ठाण्यात शिरणाऱ्या एका लोकलने सोडलेली वीज त्याच वेळी निघणाऱ्या दुसऱ्या लोकलला कामी येऊ शकते. हे आपल्या डोक्यावर रोज घडत असतं.

ब्रेकची खरी परीक्षा बघायची तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात कसाऱ्याला जावं. तिथून इगतपुरीपर्यंतचा घाट दर ३७ फुटांना एक फूट इतका चढत जातो. वर जाताना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, ते सगळ्यांना माहीत असतं. उतरतानाची व्यवस्था मात्र फार कमी जणांच्या नजरेत येते. मुख्य मार्गातून ठिकठिकाणी एक जादा रूळ फुटून डोंगराकडे चढत जातो. सांधा एरवी त्या चढत्या रुळाकडेच लावलेला असतो. खाली येणारी गाडी आधी पूर्ण थांबते, तिचे ब्रेक धरतात हे सिद्ध होतं आणि त्यानंतरच सांधा मुख्य मार्गाकडे वळवतात. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती त्या चढावर जाऊन आपोआप मंदावेल. म्हणजे घाटातला रूळसुद्धा गाडी सुटणार असं धरूनच बसवलेला आहे.

रुळातून वाहणारी वीज

आता फलाटावरच्या त्या लाल दिव्याकडे वळू. पुढच्या तुकड्यात गाडी आहे की नाही, हे सिग्नलला कळतं कसं?

याचं उत्तरही १८७२ चंच आहे आणि विचारही अगदी तसाच. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी दोन्ही रुळांतून हलकासा विद्युतप्रवाह सोडला. तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला विजेवर उचलली जाणारी एक कळ, म्हणजे रिले. एका रुळातून प्रवाह येतो, रिले उचलून धरतो आणि दुसऱ्या रुळातून परत जातो. रिले उचललेला असला तरच पुढचा रस्ता मोकळा. गाडी आत आली की तिची चाकं आणि आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, दोन्ही रूळ जोडून टाकतात. प्रवाहाला तिथूनच जवळचा रस्ता सापडतो, रिलेपर्यंत काही पोचत नाही, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो.

इथे वीज नसणं म्हणजे धोका. बॅटरी संपली, तार तुटली, कुणी केबल चोरली, खुद्द रूळच तडकला, तरी रिले पडणार आणि दिवा लाल होणार.

आता कुर्ला-शीव किंवा भांडुप-कांजूरमार्गला रुळांवर पाणी चढल्यावर काय होत असेल, ते बघा. ते पाणी पावसाचं शुद्ध पाणी नसतं. त्यात चिखल, सांडपाणी, क्षार सगळं असतं आणि त्यातून वीज वाहते. एका रुळातून दुसऱ्या रुळात ती पाण्यातूनच जाते, रिलेला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि यंत्रणेला वाटतं की तिथे गाडी उभी आहे. दिवा लाल. प्रत्यक्षात रूळ रिकामा आहे, पण यंत्रणेला खात्री नाही, आणि खात्री नसेल तर थांबवायचं हे तिला शिकवलेलं आहे. फलाटावरचे काका ज्याला सिग्नल गेला म्हणतात, तो सिग्नल त्या वेळी आपलं काम बिनचूक करत असतो. नाले साफ न होणं, रुळाची उंची कमी पडणं हे प्रश्न खरे आहेत आणि त्यावर भांडायलाच हवं. राग तिकडे न्यावा, लाल दिव्याकडे नको.

यावर एक उपाय म्हणजे आस मोजणारी यंत्रं. रुळाला लावलेले सेन्सर तुकड्यात किती आस आत गेल्या आणि किती बाहेर आल्या ते मोजतात. आकडे जुळले तर रस्ता मोकळा. रुळांमधल्या पाण्याने यांची फसगत होत नाही. पण मोजणीत गोंधळ झाला की माणसाने खात्री करून आकडा पुन्हा शून्यावर आणावा लागतो, आणि तोपर्यंत दिवा अर्थातच लाल.

मुंबई परिसरात सिग्नलचे चार रंगसंकेत आहेत: लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल आहे. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल पिवळा आहे. याचा फायदा असा, की थांबायला दोन तुकड्यांचं अंतर मिळतं आणि तुकडे लहान ठेवता येतात. तुकडे लहान म्हणजे गाड्या जवळजवळ. तीन-चार मिनिटांनी लोकल सोडता येते ती या पिवळ्या दिव्यांच्या जोरावर. काही खांबांवर 'ए' असं अक्षर लिहिलेलं असतं. तो स्वयंचलित सिग्नल. तो लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग कुठेही थांबता येईल इतक्या सावकाश पुढे सरकायचं. पावसात मुलुंड ते ठाणे लोकल सरपटत, थांबत, पुन्हा सरपटत येते, तेव्हा बहुधा हाच नियम पाळला जात असतो.

माणूस चुकला तर

दिवा लाल असूनही चालकाचं लक्ष नसेल तर? लोकलच्या मोटरमनच्या हाताखालचा दांडा दाबलेला राहावा लागतो. त्याला भोवळ आली आणि हात सुटला तर ब्रेक लागतात. शिवाय मुंबईच्या लोकलमध्ये सिग्नलची सूचना रुळातल्या चुंबकांवरून गाडीत पोचवणारी यंत्रणा बरीच वर्षं आहे. मोटरमनने दाद दिली नाही तर ती स्वतः ब्रेक लावते.

देशभरासाठी आता 'कवच' येत आहे. २०२० मध्ये ते राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलं गेलं. रुळात ठरावीक अंतरावर बसवलेल्या टॅगवरून इंजिनाला आपण कुठे आहोत ते कळतं, रेडिओवरून पुढच्या सिग्नलची स्थिती कळते. त्यावरून इंजिनातला संगणक सतत हिशेब करतो, की या वेगाने, या उतारावर, आत्ता ब्रेक लावला तर गाडी वेळेत थांबेल का? उत्तर 'नाही'कडे झुकायला लागलं की आधी इशारा आणि मग ब्रेक. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबादजवळ समोरासमोर दोन गाड्या आणून याची चाचणी झाली, एका इंजिनात खुद्द रेल्वेमंत्री होते. इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटरवर आपोआप थांबलं. युरोपातही याच धर्तीवर एक समान प्रणाली आहे. आपल्याकडे ही यंत्रणा सगळ्या मार्गांवर बसायची आहे आणि आर्माचा धडा मला इथे पुन्हा आठवतो.

'बिघाड म्हणजे थांबा' हे तत्त्व मोडलं तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं आपल्याच काळातली आहेत. चीनमध्ये वेनझोऊजवळ २३ जुलै २०११ रोजी वीज पडून सिग्नलचं उपकरण बिघडलं. बिघडल्यावर त्याने 'धोका' सांगायला हवं होतं. पण त्याची रचनाच सदोष होती आणि ते बिघाडाच्या आधीची जुनी माहिती पुढे पाठवत राहिलं, म्हणजे रस्ता मोकळा. उभ्या गाडीवर मागून दुसरी वेगवान गाडी आदळली, ४० जण गेले. दुसरं उदाहरण ओडिशातल्या बहानगा बाजारचं, २ जून २०२३ चं. सिग्नल मुख्य मार्गाचा होता आणि सांधा मालगाडी उभी असलेल्या बाजूच्या मार्गाकडे. सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलांतल्या त्रुटी चौकशीत पुढे आल्या. २९० हून अधिक माणसं गेली. सांधा आणि सिग्नल यांची गाठ १८५६ मध्ये जॉन सॅक्सबी यांनी पेटंट घेऊन बांधली होती. ती गाठ वायरिंगच्या खोलीत कुणी नियम सोडून काम केलं की सुटू शकते. रविवारच्या मेगा ब्लॉकला आपण कंटाळतो, पण गाड्या बंद ठेवून, कागदावर नोंद करून, तपासून केलेलं काम हाच यावरचा उपाय आहे.

खाडीखाली, आणि दारापाशी

जपानची शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो आणि ओसाका या शहरांमध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा वेग ताशी २१० किलोमीटर होता. एवढ्या वेगात खांबावरचा दिवा नीट वाचता येत नाही, म्हणून खांबच काढून टाकले आणि किती वेगाने जायचं ते थेट चालकासमोर दाखवलं. वेग ओलांडला की ब्रेक. भूकंपासाठीही तोच विचार. किनाऱ्यावरच्या यंत्रांना पहिली सौम्य लाट जाणवली की तारेतली वीज तोडली जाते आणि वीज गेली की गाड्या आपोआप ब्रेक लावतात. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात प्रवासी घेऊन धावणारी एकही शिंकान्सेन रुळावरून घसरली नाही.

मुंबई-अहमदाबाद हायस्पीड मार्गाची आखणी ताशी ३२० किलोमीटरसाठी आहे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. घणसोली ते शिळफाटा हा जवळपास पाच किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. तिथेही चालकाला काय करायचं ते खांबावर दिसणार नाही, त्याच्या केबिनमध्ये येईल.

आपल्या रोजच्या लोकलसाठी जास्त महत्त्वाचं तंत्र वेगळं आहे. आत्ता गाडीचा शेवटचा डबा एखाद्या तुकड्यात नुसता अडकलेला असला, तरी अख्खा तुकडा व्यापलेला धरला जातो. सीबीटीसी नावाच्या पद्धतीत गाडी स्वतःची जागा रेडिओवरून सतत कळवते, त्यामुळे मागची गाडी थेट पुढच्या गाडीच्या शेपटापासून सुरक्षित अंतर मोजते. शेपटापासून अंतर मोजण्याची ही रीत कॅनडातल्या व्हँकुव्हरने १९८५ मध्ये वापरायला घेतली, तेव्हा निरोप रेडिओऐवजी रुळांमधल्या तारेतून जायचे. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर थोड्या वेगळ्या स्वयंचलित पद्धतीने गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. मुंबईतही सीबीटीसी आणायचं ठरलेलं आहे. इथे अडचण अशी, की जिथे मेल-एक्स्प्रेस आणि लोकल एकच रूळ वापरतात, तिथे देशभरातून येणाऱ्या प्रत्येक इंजिनात ते उपकरण हवं. मेल-एक्स्प्रेसना लोकलपासून वेगळे रूळ देणारी ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये पूर्ण झाली, तिचं महत्त्व या दृष्टीनेही आहे.

पण गाड्या कितीही जवळ आणल्या, तरी फलाटावर माणसं चढायला-उतरायला लागणारा वेळ कोणताही रेडिओ कमी करत नाही. आणि इथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सगळी यंत्रणा चाकं मोजते, आस मोजते, हवेचा दाब मोजते. दारात लटकलेला माणूस तिच्या हिशेबातच नाही. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले, त्यातले चार त्याच दिवशी गेले. तिथे सिग्नल चुकला नव्हता, ब्रेक निकामी झाले नव्हते. दीडशे वर्षांचं सुरक्षेचं शहाणपण दाराच्या आतपर्यंत पोचलंच नव्हतं.

पोचवता येतं, याचा पुरावा आपल्याकडेच धावतो. मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल जानेवारी २०२० मध्ये ठाणे-वाशी-पनवेल या ट्रान्स हार्बर मार्गावर आली. तिची सगळी दारं बंद झाल्याची खात्री सर्किटमधून मिळाल्याशिवाय मोटरमनला मोटारी सुरू करता येत नाहीत. वेस्टिंगहाऊस आणि रॉबिन्सन यांचाच विचार, फक्त दाराला लावलेला. साध्या लोकलमध्ये अडचण हवेची आहे. खच्चून भरलेल्या डब्याची दारं बंद केली तर माणसं गुदमरतील. मुंब्र्यानंतर रेल्वेने जाहीर केलेल्या नव्या रचनेत आपोआप बंद होणाऱ्या दारांना हवा आत येऊ देणाऱ्या झडपा, छतावरून हवा खेळवणारी यंत्रं आणि डब्याडब्यांना जोडणारा रस्ता आहे.

ही दारं बंद व्हायला दर थांब्यावर वेळ लागणार आहे. ठाण्याला एका दारात कुणाची बॅग अडकली आणि गाडी पंधरा सेकंद उशिरा निघाली, की कळव्याकडून येणाऱ्या गाडीला पिवळा मिळेल आणि तिच्या मागच्या गाडीला लाल. त्यावर ओरडा होईल आणि दारं उघडी ठेवूनच गाडी सोडा, असा दबावही येईल. माझं म्हणणं असं, की ते पंधरा सेकंद आधीच वेळापत्रकात धरावेत, त्यासाठी सुरुवातीला तासाला एखादी फेरी कमी करावी लागली तरी चालेल. सीबीटीसी आल्यावर ती फेरी परत घालता येईल.